डिस्कची दुसरी बाजू

या, जरा पुढं सरकून बसा बघू. एवढ्या लांबनं काय कळणार तुम्हाला? आणि हातातला तो मोबाईल ठेवा की बाजूला... हां, माझं लिखाण त्याच्यावरच वाचताय म्हणा. मग असू दे. पण जेवता जेवता वाचत असाल तर आधी ताट संपवा. तुम्हा पोरांचं हेच चुकतं — घास हातात वाळतो आणि डोळे भुताच्या गोष्टीत! माझ्या गोष्टीत भूत न्हाय. निदान मला तरी दिसलं न्हाय.

असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, हे पहिलंच सांगते. आमचे मालक इथं शहापुरात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. त्यांच्या शेजारी बसून बसून मी सोल्डरिंग शिकले. ते गेले, दुकान बंद झालं, पण गल्लीतले मिक्सर आणि इस्त्र्या अजून माझ्याच ओट्यावर येतात. यंत्र बिघडलं म्हणजे कुठंतरी वायर तुटलीय नाहीतर धूळ बसलीय. बाधा-बिधा काही नसतं — कितीजणींच्या तोंडावर सांगितलंय मी हे.

आता आक्काचं सांगते. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. निपाणीला दिलेली. भाऊजी गेले, मुलगा परदेशात, म्हणून मी तिला माझ्याकडं आणली. पुढं तिला विसर पडत चालला. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. शेवटी मीसुद्धा पुसले गेले. मला "बाई" म्हणायची. "बाई, तुमचं घर छान हाय, पण आता मला घरी सोडा." रोज संध्याकाळी पिशवी भरून दारात बसायची. काय सांगू... माझ्याच बहिणीनं मला अहो-जाहो करावं!

मग तिनं खाणं सोडलं. घास तोंडाशी नेला की मान फिरवायची. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातनं नळी घालावी लागेल. मी म्हटलं, थोडे दिवस द्या. दिवस घेऊन मी काय करणार होते, मलाच ठाऊक नव्हतं.

त्याच दिवसांत लष्करी कॅम्पातल्या एका मॅडमनी बोलावलं. जुना बंगला विकून त्या मुलीकडं गोव्याला निघालेल्या. मिक्सर दुरुस्त करून दिला, तर म्हणाल्या, "किशाबाई, हे पण घेऊन जावा. भंगारवाल्याला द्यायला जीव होईना." बघते तर लेसरडिस्क प्लेअर! नुसतं ऐकून होते मी त्याबद्दल. त्यांचे मिस्टर बोटीवर नोकरीला होते, त्यांनी कधीतरी आणलेला. पाट्याएवढा जड, आणि सोबत एकच डिस्क — जेवायच्या ताटाएवढी, चकचकीत, सीडीची आजी म्हणा ना. डिस्कवर गाणी न्हाईत, सिनेमा न्हाय. नुसता समुद्र, होड्या, पक्षी आणि हळू आवाजात वाजणारं संगीत. दोन्ही बाजूंना. एक बाजू संपली की हातानं उलटी करायची.

रिक्षातनं उतरवताना शेजारची सुनंदा म्हणालीच, "किशाक्का, घरात पाय ठेवायला जागा न्हाय, अन् ही आणि कुणाची सवत आणलीस?"

खरं सांगू? माझ्या हातांना काम हवं होतं. आक्काच्या समोर नुसतं बसवत नव्हतं.

झाकण उघडलं तर आत पालीचा सांगाडा. ट्रे बाहेर ढकलणारा रबरी पट्टा वितळून काकवीगत चिकटलेला. स्पिरिटनं सगळं पुसून काढलं. तसला पट्टा आता कुठं मिळणार? सायकलच्या ट्यूबची बारीक रिंग कापली आणि चढवली — पहिली ढिली झाली, दुसरी बरोब्बर बसली. वाळून मेण झालेलं ग्रीस खरवडलं. फुगलेले कपॅसिटर बदलले. भिंगावरनं कापूस असा फिरवला, जसा तान्ह्या बाळाचा डोळा पुसतात. आक्का माझ्यासमोर खुर्चीत बसून असायची. बघायची का, ते सांगता येत न्हाय. डोळे उघडे असायचे, एवढंच.

सगळं जुळलं तो दिवस अमावस्येचा होता. हे नीट ध्यानात ठेवा. आमची विणकरांची गल्ली. अमावस्येला इथं मागाला कुणी हात लावत न्हाय. हातमाग आता थोडेच राहिलेत, पण यंत्रमागवालेसुद्धा त्या दिवशी बटण दाबत न्हाईत. एरवी दिवसभर खडखडाट असतो, तो थांबला की गल्ली कशी पाण्याखाली गेल्यागत वाटते. तशीच दुपार होती. पिवळं ऊन दारातनं आत आलेलं, आणि सगळं गप्प.

डिस्क ठेवली. ट्रे आत गेला. आतनं हळूहळू चढत गेलेली घरघर... आणि टीव्हीवर समुद्र आला! निळा न्हाय, जरा दुधाळ. लाटा यायच्या, जायच्या. एक होडी नुसती हलत उभी. मी पदरानं हात पुसत बघतच राहिले. वाटलं, मालक असते तर!

मग संगीताच्या खालनं दुसरा आवाज यायला लागला. खट्-खटाक्... खट्. खट्-खटाक्... खट्.

मी म्हटलं, डिस्क घासतेय आत. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. संगीत गेलं, लाटा मुक्या झाल्या. तो आवाज राहिला. प्लेअरवर तळहात ठेवला — नुसती गार घरघर, ठोका न्हाय. आणि तो आवाज मला पाठ होता. आमच्या आप्पांचा, म्हणजे वडलांचा, डावा पाय लहानपणापासनं अशक्त. माग चालवताना उजव्या पायाची पट्टी खाडकन दबायची, डाव्या पायाला जरा वेळ लागायचा. आप्पांचा माग लंगडायचा, म्हणून गल्लीच्या तोंडाशीच आम्हाला कळायचं की आप्पा कामावर बसलेत. तो माग विकून, आप्पा जाऊन किती काळ लोटला! ते घर माझ्या सासरापासनं चार घरं पलीकडं, तिथं आता मोबाईलचं दुकान आहे.

"आप्पांनी आज माग का लावलाय गं?"

मी वळले. आक्का खुर्चीत ताठ बसलेली.

"अमावस्या न्हाय का आज? आई ओरडणार बघ."

जिला वार कळत नव्हता ती अमावस्या सांगत होती!

"किशे, कांड्या भरल्यास का न्हाईस?"

किशे. या नावानं मला हाक मारणारं दुसरं कुणी उरलेलं न्हाय हो.

"भरल्या गं आक्का," मी म्हटलं.

"खोटारडी! परसात चिंचा खात बसली असशील. आप्पा खोळंबलेत तिकडं."

तेवढ्यात दारात सुनंदा उभी, हातात दह्याची वाटी. चेहरा वाकडा करून म्हणते, "किशाक्का, अमावस्या हाय नव्हं आज? माग कोण चालवायलंय?"

म्हणजे तिलाही ऐकू येत होतं. मी तिला हातानंच गप्प केलं. आक्का टीव्हीकडं बघत म्हणाली, "मला भूक लागलीया. हळदीच्या अंगानं उपाशी र्‍हाऊ नये म्हणत्यात."

मी आणि सुनंदानं तिला दहीभात भरवला. एकेक घास, त्या ठोक्यावर. वाटी पुसून खाल्ली तिनं. सुनंदा रडत होती, आणि रडता रडता मला म्हणत होती, "मीठ घातलंस का गं त्यात?"

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. आप्पांनी उभ्या आयुष्यात एकदाच अमावस्येला माग चालवला होता. आक्काच्या लग्नाची साडी त्यांनी स्वतः विणायला घेतलेली, पण पदराचं रेशीम उशिरा आलं आणि लग्न तोंडावर. आई त्यांच्याशी बोलेना. मी रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसलेली, आणि आक्का हळदीच्या अंगानं दारात. आमच्याकडं पदराचं सूत वेगळं असतं. अंगाच्या सुताला ते एकेक फास घालून जोडतात, आणि पदर शेवटी विणतात. आप्पांनी पदर विणला, साडी मागावरनं उतरली, आणि ती नेसून आक्का निपाणीच्या गाडीत बसून गेली.

तर... डिस्कची बाजू संपली. पडदा निळा झाला. ठोकाही थांबला. आक्का बराच वेळ कान देऊन बसली, मग म्हणाली, "अंगाचं झालं असंल. पदर तेवढा र्‍हायला."

मी डिस्क उलटी करायला उठले होते. तशीच खाली बसले. पदर झाला की साडी मागावरनं उतरते.

मालकांचे एक दोस्त आहेत, त्यांना सगळं दाखवलं. ते म्हणाले, "वहिनी, जुनी डिस्क वाकडी होते, मग ठोके देते." असेल. पण वाकडी डिस्क सारखेच ठोके देईल की. ती लंगडेल कशी? आणि आक्काला अमावस्या कुणी सांगितली?

तो आवाज मला परत कधी ऐकू आला न्हाय. रोज दुपारी डिस्क लावते, नुसता समुद्र दिसतो. पण आक्का मान तिरकी करून बसते आणि जेवते. नळी लागली न्हाय. कधी मला "बाई" म्हणते, कधी "किशे". तिला आत काय ऐकू येतं, मी विचारत न्हाय.

दुसरी बाजू मी अजून लावलेली न्हाय. डिस्क काढताना सुद्धा जपून काढते, चुकून उलटी बसू नये म्हणून. परवा आक्कानं विचारलंच, "आप्पा पदर कधी लावणार गं?" मी म्हटलं, "सूत यायचंय अजून."

तर या एकदा शहापूरला. लवकर या. दुपारचे या, आक्का जागी असते. तुम्हाला माहेरचे पाहुणे समजून लाजेल, लाजू दे. दहीभात खाऊ, समुद्र बघू. तेवढी डिस्क उलटी कर म्हणू नका.