शैलजाताईंचे सकाळचे चार तास

शैलजा निंबाळकर पहिल्यांदा रेडिओवर बोलल्या तेव्हा त्यांचं वय होतं सत्तेचाळीस आणि हिंदी होती अस्सल सातारी. नवरा शशिकांत हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झाला आणि सेक्टर ३९ मधल्या प्रयोगशाळेत यंत्रं सांभाळायला लागला, म्हणून कुटुंब चंदीगडलाच राहिलं. पुढे खासगी एफएमचे दिवस आले. तीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलेल्या सोढीसाहेबांनी हिंमत करून ‘सांझा रेडिओ’ काढला. तिथे शैलजाताई फोन घ्यायला लागल्या.

पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी निवेदक धुक्यामुळे झिरकपूरलाच अडकला. सोढीसाहेब घाईघाईने म्हणाले, “बहेनजी, माईकवर बसा. काहीही बोला.”

काहीही म्हणजे काय? सकाळपासून फोनवर लोकांना जे सांगत होत्या तेच त्यांनी सांगितलं. सेक्टर ४३ च्या स्टँडवरून कुठली बस उशिरा निघतेय, कुठल्या रस्त्यावर पुढचं दिसत नाही. ऐन वेळी ‘धुंध’ हा शब्द आठवेना, तर ठोकून दिलं, “आज धुका बहुत है जी!”

घरी लेकीने, नेत्राने, कपाळावर हात मारला. “मम्मी, धुका कुछ नहीं होता! मेरी फ्रेंड्स हँस रही थीं.”

“पण कळलं ना त्यांना? मग झालं तर.”

आठवड्याभरात बसचे ड्रायव्हर फोन करून विचारायला लागले, “मॅडमजी, धुका कितना है?” सोढीसाहेबांनी सकाळचा अर्धा तास ताईंच्या नावावर करून टाकला.

ताईंनी तो अर्धा तास मन लावून सांभाळला. खरड गावचा दूधवाला, झिरकपूरच्या पेट्रोल पंपावरचा माणूस, शिमल्याच्या वाटेवरल्या परवाणूचा चहावाला, सगळ्यांशी ओळखी केल्या. पहाटे पाचला एकेकाला फोन लावायच्या, “भाईसाब, समोरचं झाड दिसतंय का?” झाड दिसत नसेल तर दिसत नाही म्हणून सांगायच्या. अंदाजाने एक शब्द बोलायच्या नाहीत.

२००८ च्या डिसेंबरात दिल्लीच्या एका मोठ्या कंपनीने स्टेशन चालवायला मागितलं. सोढीसाहेबांचं वय झालेलं, मुलगा कॅनडात. ते विचारात पडले. कंपनीचा कपूर नावाचा तरुण अधिकारी आला आणि म्हणाला, “पंधरा दिवस आमचा सकाळचा कार्यक्रम लावून बघा.” दिल्लीहून ध्वनिमुद्रित कार्यक्रम आले. आवाज गोड, बोलणं खुसखुशीत. ताई पुन्हा फोनपाशी जाऊन बसल्या.

फोन वाजेनासा झाला. पहिल्या दिवशी पाच-सहा जणांनी ताईंबद्दल विचारलं, चौथ्या दिवसानंतर कुणीच नाही.

पंधराव्या दिवशी कपूर खुशीत होता. “बघा, एकसुद्धा तक्रार नाही!”

ताई एरवी बैठकीत तोंड उघडत नसत. आज मात्र उभ्याच राहिल्या. “साहेब, तक्रार आपल्या माणसाकडे करतात. परक्याकडे कोण करतं? उद्या सकाळी सहाला माझ्याबरोबर स्टँडवर चला. तुम्हीपण, सोढीसाहेब.”

दुसऱ्या दिवशी तिघे सेक्टर ४३ च्या फलाटावर फिरले. धुकं इतकं की रांगेतली शेवटची बस दिसत नव्हती. एकाही बसमध्ये सांझा रेडिओ लागलेला नव्हता. कुठे कॅसेट, कुठे नुसतीच शांतता.

शिमल्याच्या बसचा ड्रायव्हर ताईंचा आवाज ऐकून खाली उतरला. “मॅडमजी! कुठे होता तुम्ही?”

कपूरने विचारलं, “नवा कार्यक्रम आवडला नाही?”

“चांगला आहे जी. पण ती मुलगी रोज म्हणते, सुहानी सुबह. मला परवाणूपर्यंत काय दिसणार, ते नाही सांगत. मग लावून काय करू?”

बघता बघता सात-आठ ड्रायव्हर-कंडक्टर जमले. एकाने ताईंच्या हातात चहाचा ग्लास ठेवला. सोढीसाहेब बाजूला उभे राहून बघत होते. आपल्या स्टेशनची इतकी माणसं त्यांनी एका जागी प्रथमच पाहिली होती.

परत येताना गाडीत कपूरच प्रामाणिकपणे म्हणाला, “सर, आम्ही घेतलं तर हे राहणार नाही. आमच्याकडे सगळ्या शहरांना एकच सकाळ.”

“मग राहू दे माझ्याकडेच,” सोढीसाहेब म्हणाले आणि मागे वळले. “बहेनजी, सहा ते दहा तुमचे. पक्का.”

ताईंनी लगेच हो म्हटलं नाही. “चार तास घेते. पण मला दोन माणसं शिकवू द्या. सगळं माझ्या एकटीच्या घशावर चालायला लागलं, तर मी आजारी पडले की रेडिओ आजारी.”

सोढीसाहेब मोठ्याने हसले आणि कबूल झाले.

खरडच्या दूधवाल्याची सून हरप्रीत आली, तिची पंजाबी ऐकत राहावी अशी. आणि पंचकुल्याचे एक निवृत्त पोस्टमन आले, त्यांना गल्ली न् गल्ली पाठ. ताईंनी दोघांना पहिला धडा दिला: खात्री नसेल तर “माहीत नाही” म्हणायचं, लाजायचं नाही. दीड वर्षात हरप्रीत एकटीने सकाळ निभावायला लागली.

२०१० मध्ये स्टेशनच्या दाराशी पितळी पाटी लागली: ‘कार्यक्रम प्रमुख – शैलजा निंबाळकर’. त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत शशिकांत प्रयोगशाळेतल्या चार सहकाऱ्यांना तीन स्कूटरवरून पाटी दाखवायला घेऊन आला. काचेतून ताईंनी त्यांना पाहिलं, आणि लाजून न वाजलेला फोन उचलून कानाला लावला.