शेवटच्या बांधीतला हात

आमच्या शाळेत संगणक आले तेव्हा त्यांच्यासाठी जी खोली रिकामी केली, ती आधी खिचडीच्या तांदळाची होती. पुढची कितीतरी वर्षं त्या खोलीत शिरलं की आधी तांदळाचा वास यायचा आणि मग तापलेल्या यंत्रांचा. मुलं चपला बाहेर काढून आत यायची. तसं मी कधी सांगितलेलं नव्हतं, त्यांनीच ठरवून टाकलं होतं. मी एकटीच चपला घालून आत वावरायचे आणि मुलांच्या नजरेतून थोडी उतरायचे.

शाळा गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाला लागून असलेल्या एका गावात होती. मी फुलचूरहून स्कूटीवर यायचे. डोक्यावरून दिवसभर शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं घिरट्या घालायची. खाली यायची, धावपट्टीला चाकं टेकवायची आणि लगेच पुन्हा वर. सुरुवातीला मुलं खिडकीकडे धावायची, नंतर त्यांना सवय झाली. मला झाली नाही. शिकवताना विमान आलं की मी खडू हातात धरून थांबायचे आणि वर बघून कपाळाला आठ्या घालायचे. मुलांना विमानापेक्षा माझ्या आठ्यांची गंमत जास्त.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे गावभर माहीत होतं. आणि तो सगळ्यात जास्त चढायचा दहावीचे प्रकल्प तपासताना. दोन हजार दहाच्या आसपासचा काळ तो. मुलं शहरातल्या इंटरनेटच्या दुकानात जायची, ‘भैया, एक प्रदूषण दे दो’ म्हणायची, आणि भैया छापून, स्प्रिंग घालून, वर प्लास्टिक चढवून तयार प्रदूषण हातात द्यायचा. सगळ्यांना तेच. एकदा ‘आमच्या गावातील समस्या’ या प्रकल्पात नारळाची झाडं आणि समुद्रकिनारा निघाला.

“हा समुद्र आपल्या गावात कुठं आहे रे?” मी विचारलं.

“मॅडम, थो दुकानवाल्यानं आपल्या मनानं टाकून देला.”

रागवावं की हसावं ते कळेना. त्या वर्षी मी जाहीर करून टाकलं, की दुकान बंद. घरातला मोबाइल घ्या, गावात फिरा, माणसांशी बोला, फोटो काढा, आवाज भरा. ते सगळं संगणकाच्या खोलीत आणा, जोडायचं कसं ते मी शिकवीन. आणि शेवटी प्रत्येकानं सगळ्यांसमोर उभं राहून आपला प्रकल्प तोंडी सांगायचा.

‘तोंडी’ म्हटल्याबरोबर मधल्या बाकावरची एक मान खाली गेली.

ही मुलगी अडखळत बोलायची. साधं अडखळणं नव्हे. पहिलं अक्षर तोंडात धरलं जायचं आणि सुटता सुटायचं नाही. मानेची शीर ताठ व्हायची, डोळे मिटले जायचे. गाण्यात अडायची नाही, वासरांशी बोलताना अडायची नाही, पण माणूस समोर आला की झालं. आणि सगळ्यात जास्त अडायचं तिचं स्वतःचं नाव. हजेरी घेताना ती हात वर करायची. बाकी सगळ्याला तिची शेजारीण होती. घराला घर, बाकाला बाक लागून असलेली ही मैत्रीण पहिलीपासून तिच्यासाठी बोलत आली होती. कोणी नाव विचारलं की तीच सांगायची. दोघींना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तोंडी परीक्षेच्या दिवशी मात्र मैत्रिणीला तिच्यासाठी बोलता येत नसे, म्हणून त्या दिवशी हिला दरवर्षी ताप यायचा. गुणांच्या तक्त्यात तिच्यापुढे ‘गैरहजर’ लागायचं.

“अकरावीचं काय ठरलं?” मी एकदा मैत्रिणीला विचारलं.

“मी गोंदियाले जाऊन राहिली, मॅडम. हे नाही म्हणते. तिकडं सगळे नवेच, रोज नाव पुसतील म्हणते. दहावी झाली का बस.”

मी हिच्याकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. घरच्यांची ना नव्हती, मार्क चांगले होते. मुलगी स्वतःच शाळा सोडायला निघाली होती, आणि तीही एवढ्यासाठी, की कोणी नाव विचारू नये. मला त्या दिवशी घरी जाऊनही नीट जेवण गेलं नाही.

त्या दोघींनी प्रकल्प घेतला गावच्या तलावाचा. तलाव तिच्याच पूर्वजांपैकी कोणी तरी बांधलेला. त्यांच्या समाजात तलाव बांधणं हे पिढ्यान् पिढ्यांचं काम. पाणी कसं वाटतात, हा विषय. माहिती मैत्रीण बोलून गोळा करायची, चित्रं ही काढायची. प्रश्न होता तो सांगायचा.

मी तिला संगणकासमोर बसवलं. आवाज भरायचा एक फुकटातला प्रोग्रॅम होता. बोललं की पडद्यावर आवाजाची रेघ उमटायची, कुठं उंच, कुठं बुटकी. म्हटलं, इथं कोणी नाही, बोल. तिनं एक वाक्य म्हटलं. रेघ उमटली. जिथं अडखळली होती तिथं छोट्या छोट्या उभ्या काड्या एकापुढे एक आल्या होत्या. ती पडद्याजवळ सरकली, त्या काड्यांवरून बोट फिरवलं.

“रो-रो-रोवणी दिसते,” ती म्हणाली.

खरंच तशीच दिसत होती, बांधीत ओळीनं लावलेल्या धानाच्या रोपांसारखी. आपलं अडखळणं तिनं आजवर फक्त दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. आज ते पहिल्यांदा नुसतं चित्र होऊन समोर होतं आणि चित्राला ती भीत नव्हती. मी तिला दाखवलं, हा भाग असा निवडायचा, असा कापायचा, उरलेलं जोडायचं. पुढचं मला शिकवावं लागलं नाही.

शाळा सुटल्यावर त्या दोघी थांबायच्या. मध्येच वीज जायची. वीज असली की विमान यायचं आणि सगळ्या आवाजावर घरघर बसायची. मग मैत्रीण व्हरांड्यात उभी राहून आभाळाकडे बघत ओरडायची, “गेला गेला, बोल आता!” आणि ही आत घाईघाईनं एक वाक्य भरून घ्यायची. कोंबडा आरवला की पुन्हा पहिल्यापासून. एका एका वाक्यासाठी चाललेली ही खटपट मी शेजारी वह्या तपासत बघायचे. तिच्या कपाळावरचा घाम मी पदरानं पुसावा असं वाटायचं. पण मी रागीट बाई म्हणून प्रसिद्ध होते, ते नाव टिकवणं भाग होतं.

सगळं जोडून झालं त्या दिवशी आम्ही तिघींनी ते ऐकलं. संथ, स्वच्छ आवाज, कुठंही खळ नाही. तिनं पुन्हा लावलं. आणखी एकदा लावलं.

“म-मॅडम, हे मी आहो?”

मी काही बोलायच्या आत मैत्रीण म्हणाली, “तू नोहोस वो. हे तर बातम्यावाली होय.”

ती हसली, पण पुन्हा काही तिनं ते लावलं नाही. एकच गोष्ट राहिली होती. सुरुवातीला नाव हवं होतं. तिनं ते पुष्कळदा भरून पाहिलं. अडलेलं कापलं की नावच उरायचं नाही, भलतंच काही तरी ऐकू यायचं. शेवटी नेहमीप्रमाणे मैत्रिणीनं दोघींची नावं म्हटली आणि काम झालं.

प्रकल्पांच्या दिवशी तपासायला दुसऱ्या शाळेतले एक सर बोलावले होते. वयस्क, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी. गुणांचा छापील तक्ता आमच्या दोघांपुढे होता. त्यात विषय, मांडणी, तंत्रज्ञानाचा वापर, आणि खाली ‘अस्खलित सादरीकरण’. तो शब्द वाचूनच माझं पित्त खवळलं. ज्यानं तो तक्ता छापला त्याला विमानतळाशेजारच्या एखाद्या शाळेत तास घ्यायला लावायला हवा होता.

ती आली होती. ताप आला नव्हता. एवढ्यानंच मला भरून आलं.

त्यांची पाळी आली. पडद्यावर तिची चित्रं सरकू लागली आणि खोलीत तिचा आवाज. तलावाचं पाणी सोडतात तेव्हा आधी शेवटच्या बांधीला द्यायचं, असं तिच्या गावात चालत आलेलं. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, वेढलेला धानाचा तुकडा. तलावाजवळच्या बांध्यांना पाणी कधीही मिळतं, लांबच्यांना ते पोचतच नाही, म्हणून आधी लांबची. पाणी सुटलं की शेवटच्या बांधीत एक माणूस हात वर करून उभा राहतो. ‘जोपर्यंत हात वर आहे,’ तिचा आवाज सांगत होता, ‘तोपर्यंत वाटेतल्या कोणीही आपला धुरा फोडायचा नाही. धान वाळत असला तरी नाही. पाणी पोचलं की तो हात खाली घेतो, मग बाकीच्यांची पाळी.’ चित्रात एक इवलासा माणूस होता आणि त्याचा हात त्याच्याहून मोठा काढला होता.

संपलं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी चष्मा काढला.

“बहुत बढिया,” ते म्हणाले. “आवाज कोणाचा आहे?”

मैत्रिणीनं हिच्याकडे बोट दाखवलं.

“अच्छा. पण मॅडम, ही तोंडी परीक्षा आहे. मशीनचा आवाज चालणार नाही.”

मी वाद घातला. बराच घातला. हा आवाज हिचाच आहे, एकेक शब्द हिनं बसवला आहे, असं तावातावानं सांगितलं. सर वाईट नव्हते. ते माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघून म्हणाले, “ठीक आहे. मग निदान नाव तरी हिनं स्वतः सांगावं. तेवढं सांगितलं तरी मी हजर लावतो. नाव काय बेटा?”

बाकी काहीही विचारलं असतं तरी चाललं असतं.

ती उभी होती. तोंड उघडलं आणि पहिलं अक्षर धरलं गेलं. मानेची शीर ताठ झाली, डोळे मिटले. मागच्या बाकावर कोणी तरी चुळबुळलं. मैत्रिणीच्या ओठांवर नाव आलेलं मला दिसलं. पहिलीपासूनची सवय ती. आणि खरं सांगते, माझ्याही आलं होतं.

तेवढ्यात तिनं हात वर केला.

डोळे मिटलेलेच. उजवा हात, पंजा उघडा, सरळ डोक्याच्या वर.

मैत्रिणीचं तोंड बंद झालं. खोलीतल्या प्रत्येक मुलाला त्या हाताचा अर्थ कळला. सगळी धानाच्या घरची पोरं, आणि आत्ताच तर ऐकलं होतं. कोणी हललं नाही. कोणी हसलं नाही. सर काही बोलणार होते, मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. वर विमान आलं, घरघर करत खाली गेलं, पुन्हा वर चढलं. तिचा हात तसाच होता. मला आठवतं, मनात एकच चाललं होतं, पोचू दे, बाई, पोचू दे.

मग ते नाव आलं. तुकड्यातुकड्यानं आलं, पहिलं अक्षर कितीदा तरी आलं, पण पूर्ण आलं, आडनावासकट.

तिनं डोळे उघडले आणि हात खाली घेतला.

सरांनी तक्त्यावर ‘हजर’ लिहिलं. ‘अस्खलित’च्या रकान्यात काय लिहावं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन घेतलं आणि पूर्ण गुण दिले. ते म्हणाले, “मॅडम, ये तो गलत है.” मी म्हटलं, “असू दे.” त्यांनी थोडं थांबून खाली सही केली. बाहेर व्हरांड्यात मैत्रीण तिच्या गळ्यात पडून रडत होती आणि ही तिची समजूत काढत होती, अडखळत अडखळत.

अकरावीला दोघी गोंदियाला गेल्या. पहिल्या दिवशी वर्गात सगळ्यांनी नाव विचारलं म्हणे. तिला वेळ लागला, पण तिनं सांगितलं.

आता ती मोठी झाली आहे, नोकरी करते, सणासुदीला मला फोन करते. फोन उचलला की पलीकडून आधी काहीच ऐकू येत नाही. नवखा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करून ठेवून देईल. माझ्या मोबाइलवर तिचं नाव केव्हाच उमटलेलं असतं, तरी मी ते घेत नाही. गॅस बंद करते, खुर्चीत बसते आणि वाट बघते. तिचा हात तिकडे वर आहे हे मला ठाऊक असतं. म्हणूनच हे सगळं लिहिताना तिचं नाव मी कुठंही लिहिलेलं नाही. ते सांगायचं तर तीच सांगेल, आणि तुम्हाला तेवढं थांबावं लागेल.