पाठीवरचे हात

खो-खोत आठ जणी मधल्या रेषेवर बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी पळणाऱ्यांच्या मागे धावते. तिला वाटलं की ती बसलेल्या एकीच्या पाठीवर मागून हात मारते आणि ‘खो’ म्हणते. जिच्या पाठीवर हात पडला तिनं उठून धावायचं, आणि जिनं मारला तिनं त्या रिकाम्या जागेवर बसायचं. ज्यांना एवढंही ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिलं. सांगलीकरांनी रागावू नये. मी हे वयाच्या दहाव्या वर्षापासून करत आलेय. पाठीवर हात पडला की उठायचं, यात विचार येतच नाही. विचार करत बसलात तर पळणारी पार खांबापाशी पोचलेली असते.

हे आधी सांगून टाकलं, कारण आई गेल्यावर माझ्या खेळाचं जे मातेरं झालं ते सगळं या पाठीमुळे झालं.

मला खेळाडूंच्या कोट्यातून सांगलीत एका कचेरीत नोकरी लागली, तेव्हा मी विश्रामबागेत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. “तुला भाकरी कोण करून घालणार?” असं म्हणत आई कवठे महांकाळकडचं आमचं घर सोडून माझ्याकडे राहायला आली. वडील शेतावर राहिले. ते शनिवारी यायचे, पिशवीभर शेवग्याच्या शेंगा ठेवायचे आणि बायकोची चार बोलणी खाऊन रविवारी परत जायचे.

सराव पहाटे साडेपाचला. गजर लावायची मला कधी गरज पडली नाही. मी पालथी झोपते. आई यायची, पाठीत एक सणसणीत रट्टा घालायची आणि म्हणायची, “ऊठ, भवाने. ग्राउंड काय तुझ्यासाठी थांबतंय व्हय?” माया-बिया काही नाही, नुसता रट्टा. डोळे उघडायच्या आधी माझे पाय फरशीवर असायचे. मी चिडून म्हणायचे, “आई, हळू मार की.” तिचं उत्तर ठरलेलं, “हळू मारलं तर उठतीस का तू?”

ती द्राक्षांच्या हंगामात गेली. दुपारी डोकं दुखतंय म्हणाली, संध्याकाळी बोलणं अडखळायला लागलं, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही तिला गावी घेऊन गेलो ते गाडीत आडवी घालूनच. यावर मला जास्त लिहायचं नाही.

मला लिहायचंय ते पुढच्या तेरा दिवसांवर. पाठीवरून हात फिरवायला आपल्याकडे ओळख लागत नाही. भेटायला आलेली प्रत्येक बाई आधी माझ्या शेजारी टेकायची, मग तिचा हात माझ्या मानेखालून कमरेपर्यंत फिरायला लागायचा. चुलत्या, आत्या, आईबरोबर कधीकाळी द्राक्षं छाटायला गेलेल्या बायका, कचेरीतले साहेब, विश्रामबागेतून आलेली आमच्या खालच्या मजल्यावरची चाची. चाचीचा मला राग नाही, ती तीन दिवस डबा घेऊन एसटीनं येत होती. पण हात तिचाही फिरायचाच. “रो ले बेटी, रो ले.” मला रडू येत नव्हतं आणि त्याचा लोकांना भारी त्रास होत होता. एक हात थकला की दुसरा यायचा.

सगळ्यांवर कडी केली मावशीनं. ती माझ्या मागेच ठाण मांडून बसलेली. पाणी प्यायला जरी उठायला लागले तरी तिचा तळवा पाठीवर पडायचा आणि मला खाली दाबायचा. “बस गं बाई, बस. आता कुठं पळायचंय तुला?” पाणी तीच आणून द्यायची. असे तेरा दिवस.

चौदाव्या दिवशी मी विश्रामबागेत परतले आणि पंधराव्या दिवशी मैदानावर गेले. कुणाला खरं वाटणार नाही, पण मला खेळायचं होतं. जीव तळमळत होता. घरात आईची चप्पल दारात तशीच, मैदानावर तिचं काहीच नव्हतं, म्हणून मैदान बरं वाटत होतं. मी माझ्या जागेवर बसले, चवड्यांवर, हात जमिनीला. मागून आमची कप्तान धावत आली, पाठीवर हात पडला, “खो!”

मी बसून राहिले.

ऐकू आलं होतं. हातही कळला होता. पण पाय उठेनात. कप्तान तर नियमाप्रमाणे बसायला लागलेली, ती सरळ माझ्या मांडीवर बसली. दोघी एका चौकोनात. एरवी असं झालं असतं तर पोरी लोळून हसल्या असत्या आणि सरांनी माझा उद्धार केला असता. त्या दिवशी कुणी हसलं नाही. कप्तानच उलट, “सॉरी दीदी,” म्हणाली. सर जवळ आले आणि त्यांनी काय करावं? पाठीवरून हात फिरवला. “घाई नको. वेळ घे.”

मला वेळ नको होता. मला शिव्या हव्या होत्या.

पुढचा महिना हेच. दहातल्या चार खोंना मी उठायचे, उरलेल्यांना उशीर. पोरी बिचाऱ्या माझ्यापुरता खो हलका द्यायला लागल्या, बोटं नुसती टेकवायच्या, जशी काही मी काचेची. त्यानं मी आणखीच घट्ट बसून राहायचे. घरी येऊन स्वतःवरच चरफडायचे. जो भेटेल तो माझं निदान करायचा. कुणी म्हणे मन लागत नाही, कुणी म्हणे धक्का बसलाय, कुणी म्हणे आईसाठी खेळ. आईला खो-खोतलं ओ की ठो कळत नव्हतं, तिला फक्त मी वेळेवर उठते की नाही एवढंच बघायचं होतं. मी ज्या लीगच्या संघातून खेळते त्यांनी फोनवर एक समुपदेशक बाई गाठून दिल्या. त्या गोड आवाजात म्हणाल्या, “आईला एक पत्र लिहा.” मी म्हटलं, “मॅडम, तिला वाचता येत नव्हतं.” मग त्या म्हणाल्या, दीर्घ श्वास घ्या.

मन माझं ठिकाणावर होतं हो. पाठ ठिकाणावर नव्हती. पण हे सांगायचं कुणाला आणि कसं?

त्यात साताऱ्याची स्पर्धा आली. आमच्या लीगच्या संघाची माणसं ती बघायला येणार होती आणि पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं ते तिथं ठरणार होतं. मी पंचविशीची. या वर्षी गळले तर माझ्या जागी सतरा-अठरा वर्षांची कुणीतरी बसणार आणि मग ती काही उठून मला जागा देणार नाही. नोकरी राहिली असती, पण मी नुसती नोकरी करायला जन्मलेली नाही. हे मी साताऱ्याला जाताना कराडजवळ मलकापूरला चहाला थांबलो तेव्हा कप्तानला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी चहा तसाच टाकून गाडीत जाऊन बसले.

साताऱ्यात पहिल्या सामन्याला माईकवरच्या गृहस्थानं सुरुवातच केली, “मातृवियोगाचं डोंगराएवढं दुःख पोटात घालून आज मैदानात उतरलेली...” सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांसकट मी बसले आणि तीन वेळा बसूनच राहिले. मांडवात पहिल्या रांगेत लीगची माणसं होती. त्यांतला एक दुसऱ्याच्या कानाला लागला. दुसऱ्या सामन्याला सरांनी मला बाहेर बसवलं. “तुझ्या भल्यासाठीच,” म्हणाले. माझ्या भल्याचा ठेका त्या दिवसांत कुणी घेतला नव्हता?

दोरीच्या कडेला बदली खेळाडूंच्या खुर्च्या होत्या. माझी पाठ प्रेक्षकांकडे. आमच्या पोरी पाठलाग करत होत्या आणि माझ्या जागेवर बसलेली अठरा वर्षांची पोर प्रत्येक खोला फटाका फुटावा तशी उठत होती. मला तिचा हेवा वाटला, रागही आला, आणि ती चांगली खेळते हे दिसत होतं म्हणून जास्तच राग आला. मी खुर्चीच्या टोकावर पुढे सरकून, मान लांब करून बघत होते. मागून कुणीतरी दोनदा काहीतरी बोललं. मी लक्ष दिलं नाही.

आणि पाठीत रट्टा बसला.

मी दोरीच्या पलीकडे होते. उठले कधी, दोरी ओलांडली कधी, कळलंच नाही. चांगली चार पावलं मैदानात धावले, पंचांनी शिट्टी फुंकली, गर्दी हसायला लागली. मागे वळून बघितलं तर खुर्च्यांच्या मागच्या बाकावर एक म्हातारी, हात अजून हवेतच, तोंड उघडं.

“आगं, सरक म्हणलं, पळ न्हाई म्हणलं! माझी नात पळतिया तितं, आन् तू मदीच! दिसंना झालंय मला.”

मी परत आले, खुर्चीवर बसले आणि मला रडू फुटलं. दीड महिना जे कुणाच्या हातानं आलं नव्हतं ते आलं. हुंदके देऊन, नाक ओढत, सगळ्यांदेखत. म्हातारी घाबरली.

“लय लागलं व्हय गं?”

“आई गेली माझी,” मी म्हटलं. हे तोपर्यंत माझ्यासाठी बाकीचेच सांगत होते. मी स्वतः पहिल्यांदा म्हटलं.

“कवा?”

“दीड महिना झाला.”

“आगं आय गं,” म्हातारी म्हणाली, पुढे झुकली, आणि तिचा हात माझ्या पाठीवरून खाली फिरायला लागला. मानेखालून कमरेपर्यंत, अगदी तसाच. मला माझे पाय परत जड होताना कळले. आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. पंधरा वर्षं या पाठीला शिकवलं होतं की हात पडला की ऊठ. तेरा दिवसांत गावानं शिकवलं की हात पडला की बस. गावाचा धडा ताजा होता.

“आजी, तसं नको,” मी तिचा हात धरला. “मगाशी मारलं तसं मारा.”

“खुळी हाईस का काय?”

“मारा हो.”

तिनं माझ्याकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं, आणि घातला. पहिल्याहून जोरात. मी उठले, टी-शर्टच्या बाहीनं नाक पुसलं आणि सरांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, शेवटच्या पाठलागाला मला उतरवा. सरांनी मगाशी माझी मैदानातली धाव बघितली होती. शेवटच्या पाठलागाची पाळी आली तशी त्या अठरा वर्षांच्या पोरीला त्यांनी हाक मारून बाहेर घेतलं. तिचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

जागेवर जाताना मी कप्तानचं मनगट पकडलं. “हे बघ, मला खो द्यायचा तो रट्टा घालून. वळ उठला पाहिजे. हलका दिलास तर मीच तुला मारीन.” ती म्हणाली, “दीदी, नक्की?” मी म्हटलं, “आणि दीदी-बिदी म्हणू नकोस, खेळताना.”

मी चवड्यांवर बसले. मागून पावलांचा आवाज जवळ आला. हात पडला तो असा की दात वाजले. “खो!” पहिल्या पावलाला मी चौकोनाबाहेर होते. समोर एक काटकुळी पोर वळण घेत होती, तिला वाटलं मला अजून उशीर आहे, सकाळपासून सगळ्यांना तेच वाटत होतं. मी खांबाच्या अलीकडे झेप टाकली आणि तिची टाच माझ्या बोटांना लागली. बाद.

मातीत पडल्यापडल्या मला मांडवाकडे बघायचं होतं, लीगची माणसं काय करतायत ते. त्यांच्या यादीत माझं नाव आठवड्यानं आलं, तेही सगळ्यात खाली. पण त्या क्षणी तिकडे बघायला जमलंच नाही, कारण दोरीच्या पलीकडून म्हातारी बाकावर उभी राहून माझ्यावर ओरडत होती.

“आगं ये भवाने! माझीच नात गावली व्हय गं तुला?”

सगळं मैदान हसलं. मी उठले, धूळ न झटकता धावले, आणि पुढच्या पोरीच्या पाठीत खो घातला. जोरात घातला.