विहिरीचं अनुदान आणि पहिली कुदळ

आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो आणि आमची शेती कोकणात होती. ती कसायची माझी थोरली काकी, म्हणजे वडिलांच्या वारलेल्या भावाची बायको. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, असायचे, सातबारा मात्र त्यांच्या नावावर होता. ओहोळ आटला की काकी पलीकडच्या वाडीतून डोक्यावरून पाणी आणायची. तिचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते.

त्या वर्षी आम्हाला विहिरीसाठी सरकारी अनुदान मंजूर झालं. अट एकच होती. मार्चअखेर खोदकाम सुरू झालेलं कचेरीच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलं पाहिजे, नाहीतर मंजुरी रद्द. पैसे उचलायचा अधिकार वडिलांनी रीतसर कागद करून काकीला दिला होता. पण आमच्याकडे विहिरीची पहिली कुदळ घरच्या कर्त्या पुरुषाने मारायची रीत होती, आणि विधवेने अशा वेळी बाजूला उभं राहायचं. पैसे उचलायला काकीचा अंगठा चालत होता, कुदळ उचलायला तिचे हात चालत नव्हते. यात काही विचित्र आहे असं तेव्हा माझ्याशिवाय कुणालाच वाटलं नाही.

वडील शिमग्याला जाऊन कुदळ मारणार होते. पण संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळांत त्यांचे बरेच खाडे झाले होते, म्हणून मुकादमाने रजा नाकारली. वडील शांत होते. विहिरी वैशाखातच खणतात, एवढं सरकारला कळायला नको का, असं त्यांचं म्हणणं. ज्या सरकारच्या नावाने मोर्चात शिमगा करून यायचे, तेच सरकार आपल्यासाठी मे महिन्यापर्यंत थांबेल याची त्यांना खात्री होती.

त्यांना लिहिता येत नव्हतं. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, गावची पत्रं मीच लिहायची. त्यांनी सांगितलं, लिही, मी येईपर्यंत जमिनीला कुणी हात लावू नये. मला मनस्वी राग आला. मी लिहिलं, ‘वहिनी, मला रजा नाही. पहिली कुदळ तुम्हीच मारा.’ खाली त्यांचा अंगठा घेतला आणि पत्र पेटीत टाकून आले. 

महिन्याभराने काकीचं उत्तर आलं. पोस्टमनने लिहून दिलेलं. कुदळ मारली, कचेरीचा माणूस येऊन बघून गेला, पहिला हप्ता मिळाला. मी वडिलांना शब्दन् शब्द वाचून दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, “हात लावचो न्हय म्हणान लिवलंस मां?” मी नाही म्हटलं.  पुढची पत्रं ते शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेऊ लागले.

मे महिन्यात आम्ही गावी गेलो तर विहिरीला पाणी लागलेलं. जो तो वडिलांना म्हणत होता, विधवा भावजयीला असा मान देणारा माणूस पाहिला नाही. वडिलांनी एकदाही खरं सांगितलं नाही. तिसऱ्या दिवसापासून तर ते स्वतःच त्या गोष्टीत भर घालू लागले. मला हसू येत होतं आणि चीडही.

निघायच्या आदल्या दिवशी काकीने मला विहिरीपाशी नेलं. तिच्या तळहातावरचे फोड सुकून कडक झाले होते.

“ते भावोजींचे शब्द न्हय, ह्यां माका तेवाच कळला,” ती म्हणाली. “पण पोस्टमनान चार माणसांत वाचल्यान. मगे माका कोण अडवतलो?”