कृष्णनाथाची हलकी फ्रेम

डिचोलीच्या बाजारातून साखळीकडे निघालं की वाटेत पत्र्याची एक शेड लागायची, आणि त्या शेडीत कृष्णनाथ. त्याचं आडनाव कुणी विचारत नसे. खनिजाच्या ट्रकवाल्यांत तो ‘पट्टी मारणारा कृष्णनाथ’. आता ह्या ट्रकांची तऱ्हा काय सांगावी! झेपेल त्याच्या दीडपट माल भरायचा आणि खाणीपासून जेटीपर्यंत दामटत न्यायचा. मग चासीला, म्हणजे ट्रकच्या खालच्या सांगाड्याला, भेग पडायची आणि गाडी कृष्णनाथाच्या दारात यायची. तो पाठीवर सरपटत खाली शिरायचा, भेगेवर जाड लोखंडाची पट्टी ठेवायचा आणि विजेच्या वेल्डिंगनं अशी बसवायचा, की पुढं ट्रक भंगारात जाई पण पट्टी काही सुटत नसे.

दोडामार्गाकडून पोटापाण्यासाठी आलेला हा माणूस. ट्रकवर क्लीनर म्हणून लागला, बघून बघून वेल्डिंग शिकला. सगळ्या हयातीत एकच गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती: शंका आली की लोखंड वाढवायचं. घरातल्या खाटेला पट्टी, खिडकीच्या गजांना पट्टी, विळीच्या पाटालासुद्धा पट्टी. एक दिवस हे माझ्या कढीलाही पट्टी मारतील, असं त्याची बायको जानकी शेजारणींना सांगायची.

अशा माणसाकडे त्याचा मेहुणा प्रशांत आला आणि म्हणाला, लोखंड कमी करून द्या.

प्रशांत पार्से गावचा. म्हापशाला मोटरसायकल पायलट होता. पिवळ्या मडगार्डाच्या गाडीवर मागं माणूस बसवायचा आणि हवं तिथं पोचवायचा. आई लवकर गेली म्हणून जानकीनंच त्याला कडेवर वाढवलेला. लग्न होऊन डिचोलीला आली तरी तिचा अर्धा जीव पार्सेतच. त्याच्या दुचाकीचं नाव काढलं की तिच्या कपाळावर आठी चढायची. आणि ह्या बाबाला नाद लागला होता ट्रायलचा. ट्रायल म्हणजे शर्यत नव्हे, तिथं वेगाला कुणी विचारत नाही. दगडधोंड्यांवरून, चढउतारावरून गाडी न्यायची, पण पाय जमिनीला लावायचा नाही. पाय टेकला की गुण गेले.

गोव्याचं घटक राज्य होऊन वर्ष होत आलं होतं. त्या आनंदात डिचोलीच्या एका तरुण मंडळानं जांभ्या दगडाच्या, सोडून दिलेल्या चिरेखाणीत ट्रायल ठेवली. फलक मराठीत लिहायचा की कोंकणीत, ह्यावर त्यांच्या बैठका भांडणातच उठल्या. शेवटी कापडावर नुसतं मोटरसायकलीचं चित्र काढून टांगलं. प्रशांतची जुनी राजदूत चांगली होती, पण चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून ती उचलून न्यायची म्हणजे म्हैस माडीवर चढवण्यातला प्रकार. त्यानं कुठल्याशा परदेशी मासिकात हलक्या फ्रेमच्या गाड्या पाहिल्या होत्या. इंजिन तेच ठेवू, म्हणाला, फ्रेम मात्र बारीक नळ्यांची करू.

कृष्णनाथानं आधी त्याला वेड्यात काढलं. पण मेहुणा लाडका, आणि खरं सांगायचं तर कारागिराची खाजही होतीच. वास्कोच्या भंगारवाल्यांकडून पातळ पत्र्याच्या पण चांगल्या पोलादाच्या नळ्या मिळाल्या. पातळ नळीला विजेचं वेल्डिंग झेपत नाही, जाळून भोक पाडतं; म्हणून त्यानं गॅस पेटवला आणि पितळेची काडी वितळवून एकेक सांधा भरला. ट्रकवर राक्षसासारखा तुटून पडणारा माणूस, पण ह्या नळ्यांपुढे सोनारासारखा बसायचा. फ्रेम तयार झाली तेव्हा जानकी चहा नि उंडे पाव घेऊन शेडीत आली होती. तिनं ती एका हातानं उचलली आणि तिचा चेहराच उतरला.

“इतकी हलकी?” ती म्हणाली. “हिच्यावर माझो भाव बसतलो? धरतली मां ही?”

धरतली, म्हणजे टिकेल, असं कृष्णनाथ बोलून गेला. ट्रकवाल्यांना तो हेच सांगायचा, सवयीनं तोंडातून निघालं. आणि तिथून त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला.

कारण त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं फ्रेम दोन ओंडक्यांवर ठेवून मधोमध उड्या मारल्या. ती वाकली आणि पुन्हा सरळ झाली. आता ट्रकच्या धंद्यात वाकली ती चासी मेली. मग ही वाकते म्हणजे कमजोर? की वाकून सरळ होते म्हणजे चांगली? प्रशांत तिच्यावर इंजिन चढवून कोरगावच्या काजूच्या डोंगरावर रोज सराव करू लागला. दर आठवड्याला कृष्णनाथ एकेक सांधा नखानं खरवडून बघे. कुठं केसभर भेग नाही! भेग सापडली असती तर त्याला उलट बरं वाटलं असतं. निदान काय करायचं ते कळलं असतं. शेडीत मात्र टनभर लोखंडाच्या चासी फाटून येतच होत्या. जाड ते फाटतं आणि बारीक ते टिकतं, हे काय गौडबंगाल आहे, त्याला उमगेना. जेवताना घास हातात राहू लागला.

शेवटी त्यानं आपल्याकडचा माणूस जे करतो तेच केलं. कोरगावला जाऊन देवाला कौल लावला. विठू गुरवानं देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं, तर घोडं तिथंच अडलं. फ्रेम म्हणजे काय ते त्याला सांगावं लागलं. मग त्यानं व्यवस्थित गाऱ्हाणं घातलं, की बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरानं हातानं जो सांगाडा केलेला आसा, तो जसो आसा तसो मेव्हण्याक सांभाळीत असलो तर उजवो दी. उजवी पाकळी पडली, लगेच पडली. विठू म्हणाला, आता निर्धास्त रव.

कृष्णनाथ निर्धास्त झाला, पण शेड येईपर्यंतच. ट्रायलच्या आदल्या सकाळी प्रशांत चेन ताणून घ्यायला गाडी ठेवून गेला. शेडीत कृष्णनाथ आणि गाडी, दोघंच. सकाळी निघताना जानकीनं काही विचारलं नव्हतं, नुसतं तोंडाकडे बघितलं होतं, आणि तेच त्याच्या मनातून जाईना. हॅन्डल जिथं फ्रेमला मिळतं तो गळा त्याला फारच बारीक वाटू लागला. देवानं होय म्हटलंय, हे खरं. पण देवाचा होय आणि वर एक पट्टी, ह्यात वाईट ते काय? ट्रकच्या पट्टीतला एक तुकडा त्यानं कापला, विजेचा होल्डर घेतला आणि गळ्यावर बसवून टाकला. एक ग्रॅमही वाढवायचं नाही, असं प्रशांतनं बजावलं होतं, म्हणून वरून काळा रंग फासला. हात धुतले तेव्हा छाती हलकी झाली होती. अहो, सांगाडा जसा आहे तसा सांभाळील म्हणून देवाचा शब्द घेतलेला, आणि ह्यानं ती वस्तूच बदलली! पण हे त्या वेळी त्याच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चिरेखाणीत जत्रेसारखी गर्दी. प्रशांतनं पहिले दोन टप्पे एकदाही पाय न टेकता काढले. लोक ओरडत होते, कृष्णनाथही ओरडत होता. तिसऱ्या टप्प्यात पुरुषभर उंचीच्या पायरीवरून खाली उडी होती. गाडी उतरली, पुढचं चाक दगडावर आपटलं आणि गळा उघडला. पुढचं चाक एकीकडे, बाकीची गाडी दुसरीकडे, आणि मधल्या मधे प्रशांत चिऱ्यांवर तोंडघशी.

गळ्याजवळचं हाड आणि मनगट मोडलं. जीव वाचला. म्हापशाच्या इस्पितळात नेईपर्यंत सगळ्या डिचोलीनं निकाल दिला होता: फ्रेम हलकी होती, मोडायचीच. कालपर्यंत तोंडभर कौतुक करणारे आता मान हलवत होते.

कृष्णनाथानं मोडकी गाडी ट्रकातून शेडीत आणली. रंग खरवडला आणि दिवा जवळ धरून बघितलं. पितळेचे सगळे सांधे जसेच्या तसे. पट्टीही जशीच्या तशी. नळी तुटली होती ती पट्टीच्या काठाकाठानं, पेन्सिलीनं रेघ मारावी तशी. सगळी फ्रेम थोडी थोडी वाकत होती तोवर धक्का सगळीकडे वाटला जात होता. त्यानं एक जागा आवळून टाकली आणि सगळा भार तिच्या काठावर आला. शिवाय विजेच्या आचेनं तिथली नळी जळलेली. की तसं नव्हे? पट्टी नसती तरी इतक्या उंचीवरून मोडलीच असती? त्यानं ते दोन तुकडे जुळवून बघितले, उलटे करून बघितले. उत्तर मिळेना. देव चुकला म्हणावं, तर देवाला विचारलेली फ्रेम ही नव्हतीच. ती फ्रेम आता जगात कुठंच नव्हती.

संध्याकाळी तो इस्पितळात गेला तेव्हा जानकी भावाच्या उशाशी खुर्चीवर बसून होती. रडून रडून डोळे सुजलेले. नवऱ्याला बघितल्याबरोबर तिचा इतका वेळ दाबलेला संताप बाहेर आला.

“अख्ख्या गोंयच्या ट्रकांक पट्ट्यो मारतास तुमी,” ती म्हणाली. “माझ्या भावाक एक मारूक तुमचो हात आखडलो?”

गप्प बसायचं सोपं होतं. मान खाली घातली असती तरी पुरे होतं. सगळं गाव तेच म्हणत होतं, आणि रंगाखाली काय होतं हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. शिवाय सांगून कुणाचं भलं व्हायचं होतं, हेही त्याला कळत नव्हतं. तरी तो बोलला.

“मारलंय गो,” तो म्हणाला. “काल सकाळी मारलंय. थंयच मोडली.”

जानकीला काही समजलं नाही. प्रशांतला समजलं. प्लास्टरातला हात सावरत तो जरा वर सरकला आणि पट्टी नेमकी कुठं मारली, भेग कुठून कुठं गेली, पितळ सुटलं का, हे एकामागून एक विचारू लागला. कृष्णनाथ सांगत गेला. सांगता सांगता त्याला दिसलं, की पोराच्या सुजलेल्या तोंडावर राग नाही, चक्क आनंद आहे.

“म्हणजे आपली फ्रेम धरी होती, भावोजी.”

“तां माका ठावक नाय,” कृष्णनाथ म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो हे वाक्य मोठ्यानं बोलला होता. “धरली असती काय नाय, आता कोणाकच कळाचा नाय.”

 प्रशांतनं हळू आवाजात विचारलं, “तुमचो इस्वास कोणावर नव्हतो? फ्रेमीर, काय माझ्यार?”

कृष्णनाथानं आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. काजळी बसलेले, ठिणग्यांनी भाजलेले.

“हेंच्यावर,” तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. जानकी उठली आणि पदर सावरत त्याच्यापुढं आडवी उभी राहिली, कुणाला तो दिसू नये अशी.