जीपमधला नकल्या

केजच्या दवाखान्यातून मी आणि बायको जीपनं चौसाळ्याला चाललो होतो. तो आमच्या समोर बसलता. तिशीचा, वाळका. पुण्यात स्टेजवर उभं राहून मोठ्या लोकांच्या नकला करायच्या, टिंगल करायची, हाच आपला धंदा, म्हणला.

बायको म्हणली, "दाखव की करून."

त्यानं बसल्या जागी गाडीतून पुढारी उतरवला. आधी गॉगल, मग केसांवरून हात, मग कुणाकडंच न बघता नमस्कार. मग दुकानाची फीत कापायला हिरॉईन आली. बायको पदर तोंडात धरून हसली. लई महिन्यांनी हसली.

"आता आमच्या ह्यांची कर," ती म्हणली.

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. आपली पिशवी छातीशी धरली, दर खड्ड्याला बायकोकडं चोरून बघितलं, आन् तिनं बघितलं की तोंड बाहेर. सगळी जीप हसली. ती न्हाई. माझ्या हातातल्या रिपोर्टच्या पिशवीकडं बघत म्हणली, "लई वाईट निघालं का?"

मी तिला साधी कावीळ सांगितलती. आता "व्हय" म्हणलो.

उतरताना तो माझ्याजवळ आला. "चुकलं मामा. मी ज्यांची नक्कल करतो ती मोठी लोकं सगळं दुसऱ्यांला दिसावं म्हणूनच करत्यात. तुमी लपवीत होता, ते मला कळलं न्हाई."

मी त्याला आईवरून शिवी दिली.

बायको पुढं तीन महिने जगली. तेवढे दिवस आमी खरं बोललो. तिनं मला भाकरी थापायला शिकवली, कोणती साडी कोणत्या लेकीला ते सांगितलं. त्या नकल्याला एकदा गाठून माफी मागावी वाटती, पण नावसुद्धा इचारलं न्हाई मी.