चौघींना एकदम औषध

"मगे?" असं म्हणून भाऊ हनुवटी वर करायचे. वीज गेली म्हणा, रस्त्यावर खनिजाचा ट्रक आडवा झाला म्हणा, नवरदेवाने ऐन लग्नाच्या सकाळी मिशी काढून टाकली म्हणा, भाऊंचं उत्तर तेवढंच. "मगे?" म्हणजे मग काय झालं, पुढे बोल. तुमच्याही बाजारात असा एखादा माणूस असेल. आपण संकटाची बातमी घेऊन जावं आणि आपणच काहीतरी क्षुल्लक बोललो असं वाटून परत यावं.

डिचोलीच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. भिंतीला भिंत लागून त्यांचा फोटो स्टुडिओ. ते सावंतवाडीकडचे. अर्धं आयुष्य गोव्यात काढलं, तरी बोलायचे मालवणीच. ट्रकांची लाल धूळ दोन्ही दुकानांत सारखीच यायची. मी सकाळ-संध्याकाळ झाडायची, ते संगणकावर बायकोची जुनी साडी टाकायचे. "झाडून ती जाता खंय? परत तुझ्याच दुकानात येता, बाय," असं वर मलाच ऐकवायचे.

लग्नं-मुंजी हा पोटाचा धंदा. जीव मात्र नाटकांत. आमच्याकडे देवळाच्या उत्सवात गावातले लोक स्वतः नाटक करतात. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत जिथे पडदा वर जाईल तिथे भाऊ कॅमेरा लावून उभे, कोणी बोलावो न बोलावो. टेप महाग, म्हणून नाटक संगणकावर उतरवलं की तोच टेप पुढच्या गावाला. कोणी मागितलं तर सीडी काढून द्यायचे. सगळी नाटकं एका पेटीत, चार हार्ड डिस्क एकत्र जोडून ठेवलेली. संगणकाला त्या चार मिळून एकच दिसत. एखादी बिघडली तर उरलेल्या तिघींवरून तिच्यातलं सगळं पुन्हा उभं करता येतं, असं पेटी विकणाऱ्याने सांगितलं होतं.

मी म्हटलं होतं, "भाऊ, आणखी एक प्रत वेगळीकडे ठेवा."

"एक मेली तरी तिघी आसत. तुझ्या झेरॉक्साक इतके वारस आसत काय?"

व्हायरस आला तो पेन ड्राइव्हमधून. उत्सवाच्या दिवसांत पार्श्वसंगीताचा एकच पेन ड्राइव्ह गावोगाव फिरतो, आज या देवळात, उद्या त्या. तो भाऊंनी लावला आणि फोल्डर उघडेनासे झाले. कुठून तरी त्यांनी एक सीडी मिळवली. संगणक नेहमीसारखा सुरू न करता त्या सीडीवरूनच सुरू करायचा, मग ती डिस्क तपासून व्हायरस काढते, अशी. मी सांगितलं, म्हापशाच्या दुरुस्तीवाल्याला आधी विचारा.

"डॉक्टर घरात आयलो आसताना दुसऱ्या डॉक्टराक कित्याक विचारू?"

सीडीने तपासलं आणि विचारलं, बिघाड सापडला आहे, दुरुस्त करू? तेव्हा जेवणाची वेळ झालेली. आता गोव्यात दुपारी माणूस काय करतो? शटर ओढतो, घरी जातो, माशांचं हुमण आणि भात जेवतो आणि आडवा होतो. एकेका प्रश्नाला उत्तर देत कोण बसणार? भाऊंनी 'सगळ्यांना हो' यावर टिचकी मारली आणि शटर ओढलं.

झोपून आले तर पेटीत काहीच नाही. म्हणजे डिस्क चारही फिरत होत्या, पण एकत्र यायला तयार नव्हत्या.

म्हापशाचा माणूस आला. त्याने बराच वेळ पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. "भाऊ, ह्या चौघी मिळून एक गोष्ट सांगत होत्या. प्रत्येकीकडे तुकडे. तुमच्या सीडीला ते कळलंच नाही. तिने एकेकीला वेगळी धरली, हिचं बोलणं अर्धवट आहे म्हणून आजारी ठरवली, आणि तिच्यावर स्वतःचं लिहून टाकलं."

"पण एक मेली तरी..."

"एक मेली असती तर चाललं असतं. तुम्ही चौघींना एकदम औषध दिलं."

भाऊंनी हनुवटी वर केली. मग स्वतःच पेटीच्या वायरी सोडवायला लागले. डिस्क मुंबईला पाठवून पाहिल्या. तशाच परत आल्या.

ही बातमी बाजाराबाहेर पोचायच्या आत लाटंबार्से गावाहून एक बाई आली. तिचा नवरा गावच्या नाटकात राजा व्हायचा. पावसाच्या आधी वारला. त्याचा आवाज तिच्या माहितीत एकाच ठिकाणी उरला होता, शेवटच्या उत्सवातल्या नाटकात, आणि ते नाटक भाऊंच्या पेटीत. वर्षश्राद्धाच्या आधी तिला ते हवं होतं. मी मागून खुणा करत होते, मशीन बिघडलं म्हणा. तसं ते खोटंही नव्हतं.

"वयनी, नाटक गेला," भाऊ म्हणाले. "मशिनीन न्हय. मी घालवलंय."

बाई रडली नाही. "मागीर आतां कितें?"

"आता हाडून देतंय."

कुठून आणणार, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बाजाराने सल्ले दिले. थोडे दिवस दुकान बंद ठेवा, गावी जाऊन या, लोक विसरतील. भाऊंनी माझ्याकडून मोठ्या अक्षरांत बोर्ड करून घेतला. 'तुमची नाटकं माझ्या हातून गेली. कोणाकडे माझी सीडी असल्यास आणून द्यावी.' खाली 'दुपारी बंद'.

"ते दुपारचं तरी काढा," मी म्हटलं. "झोपेतच गेलं सगळं. लोक हसतील."

"झोपेन काय केल्यान? 'हो' मी म्हटलंय, आणि ता जागेपणी."

लोक हसायला आले आणि सीडी घेऊन आले. उरलेल्यांसाठी भाऊ स्कूटरवरून गावोगाव हिंडले. कितीतरी सीडी शेतात सापडल्या. भातावर पाखरं बसू नयेत म्हणून दोरीला टांगलेल्या, उन्हात चमकत. भाऊ बांधावर उभं राहून भांडायचे. "अरे, ह्येच्यात तुझो आजो आसा! आज्याक पाखरां राखूक लावलंस?" मग एक कोरी सीडी पाखरांसाठी बांधायची आणि जुनी सोडवून आणायची. काही चालल्या, काही अर्ध्या चालल्या. राजाची एकच मिळाली, लाटंबार्सेच्याच एका शेतात. तिची चांदी सोलून निघाली होती.

ती घेऊन आम्ही दोघं त्या बाईकडे गेलो. तिने सीडी उजेडात धरली, तिच्यातून अंगणातली काजूची झाडं पाहिली आणि खाली ठेवली. भाऊंनी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "त्येंचो खयचो प्रवेश बरो होयचो?"

बाईने सांगितलं नाही. म्हणायलाच लागली. दरबारातलं सबंध भाषण, तांदूळ निवडता निवडता, नवऱ्याच्याच ढंगात, तो जिथे दम खायचा तिथे दम खात. तालमी तिच्याच घरी व्हायच्या आणि चहा करायची ती.

भाऊ उठून उभे राहिले. "वयनी, रंगमंचार चढशात?"

उत्सव समितीच्या कपाळाला आठ्या पडल्या. बायकांचं नाटक दुसऱ्या दिवशी असतंच की. पण पुरुषांच्या नाटकात?

"बायल राजा जातली?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुमी राजाक परत हाडा. मी वयनीक खाली बसयतंय."

"सगळीं नाटकां घालयलीं तुमीच, आनी आमकां शिकयतात?"

"घालयलंय म्हणानच सांगतंय. तुमचा अजून काय गेला नाय, म्हणान तुमका कळणा नाय."

शेवटी समितीने सभामंडप दिला, पण उत्सवात नाही. एका रविवारी, भर दुपारी. त्या वेळी गाव झोपतो, हा त्यांचा अंदाज. भाऊ तरी जागे राहतील का, असं म्हणून कोणीतरी हसलंही.

भाऊ कॅमेरा घेऊन आले. गावही आला, जांभया देत. जुना नटसंच उभा राहिला. बाईने नवऱ्याचा जरीचा अंगरखा घातला, बाह्या दुमडून. समितीची मंडळी सर्वांत मागे खांबांना टेकून बसली, बघायचं नाही पण जायचंही नाही अशी.

त्या नाटकाच्या प्रती भाऊंनी घरोघर वाटल्या. माझ्या कपाटातही एक कोंबली, न विचारता.

पुढे खाणी बंद पडल्या, बाजार ओसरला, आणि मागच्या वर्षी भाऊही गेले. वर्तमानपत्रात बातमी द्यायची म्हणून त्यांची बायको फोटो शोधत होती. अख्ख्या तालुक्याचे चेहरे टिपलेल्या माणसाचा स्वतःचा धड एक फोटो निघेना. कुठेतरी ओझरते दिसतील म्हणून मी कपाटातली ती सीडी लावली. आम्ही दोघी स्टुलांवर बसून पाहत राहिलो.

दिसले नाहीत. कॅमेऱ्याच्या मागे होते. राजा दरबारात येतो, पहिल्याच वाक्याला बाईचा आवाज बारीक पडतो, ती खाली बघते. आणि अगदी जवळून, माइकला लागून, भाऊंचा आवाज येतो.

"वयनी, मोठ्यान! मागे बसल्यांका ऐकाक येवक होया!"

मी आवाज वाढवला.